पोटाखालची भिंत

आमच्या भागात दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला मातीचा घोडा मिळायचा, त्याचे पाय मोकळे नसायचे. पुढचे दोन आणि मागचे दोन पाय यांच्या मधली सगळी जागा मातीने भरलेली असायची. पोटापासून खालपर्यंत सरळ भिंत. पाय त्या भिंतीवर नुसते उठावात दिसायचे. लांबून घोडा वाटायचा, हातात घेतला की घोड्याचा आकार दिलेली वीट वाटायची. असा एक घोडा मी सात वर्षांची असताना माझ्याकडे आला. त्याच्यामागे दर वर्षी एक असे मी आणखी सोळा घोडे जमवले. या माघात ते सगळे एका दुपारी गेले. बाकीच्या सोळांबद्दल मला वाईट वाटतं. पहिल्याबद्दल जे वाटतं त्याला वाईट वाटणं म्हणता येणार नाही, कारण तो जाण्यात माझाही हात होता.

माझं गाव निरगुडसर, आईचं माहेर जुन्नर. भाऊबीजेला आम्ही मामाकडे मुक्कामाला जायचो आणि दुसऱ्या दिवशी परत. घरी किल्ला व्हायचा तो माझ्या भावाचा. माती मी आणायची, घमेल्यात मी कालवायची, गोणपाट मी भिजवायचं. पण चिखल थापून झाला की मला रांगोळीकडे पाठवलं जाई. मावळे कुठे उभे करायचे हे भाऊ आणि त्याचे मित्र ठरवत. मी मंचरच्या इंग्रजी शाळेत जात होते. भावाच्या वेळी त्या शाळेची गाडी आमच्या गावात येत नव्हती, माझ्या वेळी यायला लागली, एवढाच फरक. पण त्याच्या मित्रांनी माझं नाव मॅडम पाडलं होतं. मॅडम, चिखल आना. मॅडम, पानी आना. शाळेत उलटं होतं, तिथे मी खेड्यातली. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं पडायचं आणि ते मला लवकर जमलं.

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामीने मला दही आणायला पाठवलं. जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडसमोर एक बाई बसली होती. तिच्या शेजारी अर्धा कापलेला निळा पिंप होता आणि त्यात माती भिजत घातली होती. दिवाळीत न विकले गेलेले मावळे, तोफा, वाघ ती एकेक उचलून त्या पिंपात टाकत होती. कच्चीच माती ती, भाजलेली नाही. पाण्यात पडली की आधी रंग सुटून वर यायचा, मग बुडबुडे. मी बघत उभी राहिले. तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा तिच्या हातात घोडा होता, पाठीवरच्या स्वारासकट. एक कान दबलेला, म्हणून राहिलेला.

“बगतीस काय नुसती?” ती म्हणाली. “पायजे तर घे. न्हाईतर चाललाय पान्यात.”

मी मूठ उघडली. मुठीत भावाला ओवाळून मिळालेली नाणी होती. तिने त्यातलं एक उचललं आणि घोडा माझ्या हातात दिला. दही न घेताच मी परत गेले, आणि त्यावरून मामीचं बोलणं ऐकलं.

पुढच्या वर्षी मी तिथे आपणहून गेले. त्या बाईला मी मावशी म्हणायला लागले, पण ते बऱ्याच वर्षांनी. आधी मी काहीच म्हणत नव्हते. उभी राहायचे, ती उरलेल्यातला एक घोडा काढून द्यायची, मी नाणं द्यायचे. माझ्याकडचे सगळे घोडे असे उरलेलेच आहेत, म्हणजे होते. कुणाचा कान गेलेला, कुणाच्या डोळ्यातला काळा ठिपका भलतीकडे पडलेला. ते मला चालायचं. चांगले घोडे कोणीही घेतं.

चौथीत असताना मी तीन घोडे ओळीत ठेवले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की ते सारखे नाहीत. तिसऱ्याच्या पोटाखालच्या भिंतीला एक गोल भोक होतं, अंगठा जाईल एवढं. मला वाटलं चुकून पडलं असेल. पुढच्या दिवाळीनंतर मावशीकडे उरलेल्या सगळ्याच घोड्यांना तसं भोक दिसलं. हे का, असा एक प्रश्न विचारायला मला तिथे पाच मिनिटं उभं राहावं लागलं. ती हसली नाही. तिने नीट सांगितलं. दोन वर्षांमागे पाऊस लांबला, भिंतीची माती जाड म्हणून आतून वाळली नाही, आणि ऐन वसुबारसेला घोडे मधोमध तडकले. माझ्याकडचा दुसरा घोडाही तसाच तडकलेला होता. मग तिने बांबूची नळी आरपार घातली. वारा खेळला की माल लवकर वाळतो.

“मग भिंत कशाला ठेवायची?” मी विचारलं.

“आगं, कच्ची माती ती. पाय मोकळं सोडलं तर ष्टँडापतूर तरी टिकंल का? भिंत हाय म्हनून घोडा हाय.”

त्या दिवसापासून मी घोडे खेळणी म्हणून बघणं सोडलं. प्रत्येक घोड्यात काही ना काही बदललेलं असे, आणि प्रत्येक बदलाला कारण असे. पहिल्या घोड्याची मान छातीला चिकटलेली होती. मला तो वर्षानुवर्षं मान खाली घातलेला, शरमिंदा घोडा वाटायचा. कारण एवढंच की पुढे काढलेली मान पोत्यात मोडते. पाचव्या वर्षी भिंत गेली आणि पोटाखाली नुसता एक खुंट राहिला. तो खुंट मावशीच्या नवऱ्याने हिरवा रंगवला होता आणि त्यावर पानांसारखे फटकारे मारले होते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं घोडा झुडपावरून चालला आहे. त्या हिरव्या खुंटाइतकी हुशारी मी नंतर कुठल्याही मशीनमध्ये पाहिली नाही.

मग प्लास्टर आलं. आत तार, त्यावर प्लास्टर, खाली चौकोनी पाट. पाय मोकळे झाले, मान वर गेली, एक पाय उचलला गेला. हाताला पांढरी पूड लागायची. एका वर्षी स्वार वेगळा झाला, त्याच्या बुडाला खिळा आणि घोड्याच्या पाठीला भोक, कारण पोरांना एकाच घोड्यावर वेगवेगळे स्वार बसवायचे असत. त्या वर्षीचे स्वार सगळे हरवले आणि किल्ल्याकिल्ल्यांवर पाठीला भोक असलेले रिकामे घोडे उभे राहिले. नंतर बाजारात तयार किल्ले मिळायला लागले, तेव्हा त्यांच्या पायऱ्यांवर मावावेत म्हणून घोडे अंगठ्याएवढे झाले. आणि मग लोक किल्ल्याचे फोटो काढून मोबाइलवर पाठवायला लागले. त्या वर्षीचा घोडा मोठा होता, खोगिराला सोनेरी नक्षी, डोळ्यात चमक. मी तो उलटा फिरवला. दुसरी बाजू रंगवलेलीच नव्हती. फोटोत येत नाही ती बाजू कशाला रंगवायची, असं मावशीचा मुलगा म्हणाला. तोवर मावशीचा नवरा गेला होता आणि कारभार मुलाकडे होता.

शेवटचे पाच घोडे प्लास्टिकचे, शहरातून पोत्याने आलेले. पोकळ. पाठीवरून शेपटीपर्यंत साच्याची शिवण. वारा आला की पडतात. तेही मी घेतले. मला ते आवडत नव्हते, पण ओळ मध्येच तोडली तर ती माझ्या आवडीनिवडीची झाली असती.

या सगळ्याबद्दल मी कोणाशी बोलले नाही. शाळेत एकदा आपल्या छंदावर उभं राहून बोलायचं होतं, तेव्हा मी पोस्टाची तिकिटं जमवते असं सांगितलं. तिकिटांचा अल्बम मी कधी पाहिलाही नव्हता. अवसरीला इंजिनीअरिंगला असताना एका तासाला सर टेकूबद्दल शिकवत होते, तीन टेकू असलेली वस्तू कुठल्याही उंचसखल जागेवर डगमगत नाही, चार असले की डगमगते. मला एकदम एका वर्षीचा दोन पायांवर उभा राहिलेला प्लास्टरचा घोडा आठवला, ज्याची शेपटी लांब होऊन जमिनीला टेकली होती. दोन पाय आणि शेपूट. चिखलाच्या किल्ल्यावर तो घोडा कधी पडत नसे आणि आम्हाला त्याचं कारण माहीत नव्हतं. माझं बोट वर जायला आलं होतं. मी ते खाली घेतलं. वर्गात कुंभाराच्या घोड्याचं उदाहरण देऊन पुढची तीन वर्षं घोडी म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

घोडे एका पत्र्याच्या पेटीत होते, प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेला, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलने आकडा, वर्ष आणि काय बदललं ते दोन शब्दांत. आईला ही पेटी कधी आवडली नाही. एवढा खर्च करून इंग्रजी शाळेत घातली ती मातीशी खेळायला का, असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची, हसत, म्हणजे पाहुण्यांनीही हसावं. भावाचं लग्न झालं तेव्हा माझी खोली त्यांना गेली, ते रीतीनेच, आणि पेटी धान्याच्या कोठीत गेली. मी चाकणला नोकरीला लागले आणि तिथेच खोली घेऊन राहू लागले. पेटी सोबत न्यायची असं दर वेळी ठरवायचे. खोली तीन मुलींमध्ये होती. त्या बघतील, विचारतील, हसतील, या विचाराने पेटी कोठीतच राहिली.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गल्लीत गेले. मावशी आता खुर्चीत बसते, गुडघे गेलेत. पण शेडच्या कोपऱ्यात निळा पिंप होता आणि त्यात पुन्हा माती भिजत होती. तिने मला पाहिल्या पाहिल्या जवळ बोलावलं. पुण्याच्या एका दुकानदाराने किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं मागितली होती, प्लास्टर नको, प्लास्टिक नको, जुनी होती तशीच. मावळ्यांचा साचा सापडला. घोड्याचा नव्हता. तो तिच्या सासऱ्याने केलेला साचा, दाबून दाबून झिजला होता आणि शेडला कोबा घालताना मुलाने भरावात टाकला होता.

“तुझ्याकडं हाय ना गं त्यो? पैला, भित्तीवाला?”

मी हो म्हणाले.

“आन मंग येत्या सुट्टीला. साबन लावून वर प्लास्टर वतायचं, दोन दिसांचं काम. साचा निगला की तुझा तुला देते. दुसरा कुटं राह्यला न्हाई त्यो. आमी तर समदं पान्यात टाकलं.”

मी पुढच्या सुट्टीला आणते म्हणाले.

पुढच्या सुट्टीला मी निरगुडसरला गेले, पेटी उघडली, पहिला घोडा कागदातून काढला आणि परत गुंडाळून ठेवला. साबण लावला की पोटावरचा तांबडा रंग निघाला असता. दबलेला कान प्लास्टरमध्ये अडकून तुटला असता. आणि मला तो पिंप दिसत होता. त्या बाईने आयुष्यभर घोडे पाण्यात टाकले; साचा निघाल्यावर तिला माझ्या घोड्याचं काय एवढं पडलं असणार. हे मी तिला सांगू शकले असते. तुमच्यासमोर बसते, मीच साबण लावते, मीच काढते, असं म्हणू शकले असते. मी काही म्हणाले नाही आणि नेलाही नाही. डिसेंबरात मामीचा फोन आला, कुंभारमावशी विचारत होती. मी म्हटलं, कामात आहे. संक्रांतीच्या आधी परत फोन आला. मी म्हटलं, रथसप्तमीच्या सुमाराला घरी जाणार आहे, तेव्हा घेऊन येते. ते मात्र मी खरं ठरवलं होतं, कारण दोनदा टाळलेलं तिसऱ्यांदा टाळायला मला लाज वाटत होती.

ज्या रविवारी जायचं ठरवलं होतं त्याच दिवशी भाचीचं बोरन्हाण होतं. वर्षाची नव्हती अजून. मला निघायला उशीर झाला आणि एसटीने आणखी उशीर केला. घराच्या पायऱ्यांपाशी आले तेव्हा आतून पोरांचा गलका ऐकू येत होता, म्हणजे लूट सुरू झाली होती. हलव्याचे दागिने घातलेली भाची पाटावर बसून रडत होती. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या सगळ्या खोलीभर उडाले होते. आणि पोरांच्या हातात माझे घोडे होते.

नंतर कळलं ते असं. प्लास्टिकचे घोडे बोरांबरोबर भाचीच्या डोक्यावरून ओतले. मातीचे आणि प्लास्टरचे पाटाभोवती गोल मांडले होते, शोभेला. पण लूट म्हटल्यावर पोरांना डोक्यावरून पडलेलं कुठलं आणि मांडलेलं कुठलं हे कोण सांगणार. मी दारात पोचले तेव्हा पाटाभोवती हळदीकुंकवाचा एक गोल आणि त्यात घोड्यांच्या बुडांचे ठसे एवढंच राहिलं होतं. जमिनीवर चुरमुऱ्यांत माझ्या चिठ्ठ्या पडल्या होत्या. शेजारची एक बाई म्हणाली, आत्यानं भाचीला घोडदळच दिलं की. सगळ्या हसल्या. मीही हसले. लोक हसले की माझंही तोंड तसं होतं, त्यात माझा काही भाग नसतो.

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं, कारण ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, मी आईंना विचारलं होतं. पेटी तुमची आहे म्हणून मी हात लावत नव्हते.” आणि ते खरं होतं. आईनेच पेटी काढून दिली होती. हल्ली बोरन्हाणाला नुसती बोरं चालत नाहीत, खेळणी लागतात, आणि घरात एवढी आहेत तर विकत कशाला आणायची.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईला विचारलं. विचारलं म्हणजे एवढंच म्हणाले, की माझे घोडे होते ते.

आई तिळाच्या वड्यांचं ताट पुसत होती. तिने मान वर केली नाही. “मग? तुझ्या लग्नात काय घोडं पाठवायचं व्हतं का रुखवतात? घरात लेकरू आलं, खेळनी लेकराला गेली. त्यात त्वांड पाडायसारखं काय हाय?”

“लेकराला नाही गेली. गावाला गेली.”

“लुटीचं परत मागत न्हाईत,” आई म्हणाली. “लेकराला बाधतं.”

भाची पलीकडे झोपली होती. मी खाली बसून चिठ्ठ्या गोळा केल्या. अकरा सापडल्या. पहिल्या घोड्याची त्यात होती.

सकाळी वहिनी आईला न सांगता दोन घरी जाऊन आली आणि पदराखालून दोन घोडे काढून माझ्यासमोर ठेवले. दोन्ही प्लास्टिकचे. तिला फरक कळत नव्हता आणि मी तो कधी सांगितला नव्हता, तिला किंवा कोणालाही. मी तिचे आभार मानले. मग मी तिला विचारलं, की बसका, जाड, पोटाखाली बंद असलेला एक होता, तो कोणाकडे गेला. तिला आठवलं. ओढ्याकडच्या घरातल्या लहान मुलीने तो पोटाशी धरून ठेवला होता, इतर पोरांना हात लावू देत नव्हती.

आयुष्यात कोणाच्या दारात जाऊन मी माझी वस्तू परत मागितली नव्हती. जाताना मी वाक्य जुळवत होते. तो घोडा एकांना द्यायचा आहे, त्याच्या बदल्यात मुलीला दुसरा आणून देईन. हे वाक्य मी चारपाचदा मनात म्हटलं.

त्या मुलीचे वडील बैलगाड्याचे शौकीन. आमच्याकडे शर्यतीत बैलांच्या पुढे स्वार घेऊन घोडी पळते, तिला बघून बैल जीव तोडून धावतात. यांच्या दारात छकडा, भिंतीवर बक्षिसांच्या ढाली. ओसरीवर मुलगी खेळत होती. लाकडाचे दोन छोटे बैल, त्यांच्यामागे काडेपेटीचा गाडा. बैलांच्या पुढे काहीतरी आडवं पडलं होतं. मी ते ओळखलं, पण मला ते ओळखायचं नव्हतं.

“या या, मॅडम,” ते म्हणाले. लहानपणी किल्ल्यावर चिखल मागणाऱ्यांत तेही होते. “तुमच्या घोड्यानं काल लई करमनूक केली पोरीची. पर त्याला खाली भितच व्हती की. म्हनली, पप्पा, ह्याचं पाय बांधल्यात. मंग म्या स्क्रूड्रायव्हर घेतला आन मोकळं केलं. बैलापुढं घोडी पळाया पायजे का नगं?”

त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला. भिंत पूर्ण कोरून काढली होती. काम सफाईदार होतं. घाईत केलेलं नव्हतं. आतली माती कोरडी, फिकट, नवी दिसत होती. चारातले तीन पाय तुटले होते, ते त्यांनी नीट गोळा करून काडेपेटीत ठेवले होते. धड, मान, स्वार, दबलेला कान सगळं जिथल्या तिथे.

“फेविक्विकनं बसतील,” ते म्हणाले. “पळवताना मोडलं. कच्चंच व्हतं राव ते.”

मला राग यायला हवा होता. मी तो शोधतही होते. पण मला एवढंच सुचलं की मावशीच्या घराने कित्येक वर्षांत जे हळूहळू केलं, आधी भोक, मग खुंट, मग तार आणि मोकळे पाय, ते या माणसाने मुलीच्या एका वाक्यावर एका संध्याकाळी केलं. आणि मुलीचं बरोबर होतं. पाय बांधलेलेच होते. मी सतरा वर्षं त्या घोड्याकडे बघितलं, त्याचा अभ्यास केला, चिठ्ठी बांधली, आणि त्याला पळवून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही.

मी जुळवलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी लगेच देऊन टाकला, बदली घोडा नको म्हणाले. त्यांच्या बायकोने चहा केला. मी प्यायले. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या रविवारी मी जुन्नरला गेले. मामाकडे न जाता सरळ गल्लीत. मावशी शेडच्या दारात खुर्चीवर होती, पाय एका विटेवर टेकवलेले, शेजारी पिंप. मी कागद उघडून घोडा तिच्या मांडीवर ठेवला, काडेपेटीही ठेवली. तिने घोडा उलटा केला, पोटाखाली बोट फिरवलं.

“भित कुटं हाय?”

मी सांगितलं. बोरन्हाण, लूट, स्क्रूड्रायव्हर. ऐकताना ती मध्येच बैलगाड्यावाल्याला हसली, आणि मग हसणं थांबलं. तिने दबलेला कान दोन बोटांत धरून पाहिला. सासऱ्यांच्या हातच्या घोड्याचा कान असाच, म्हणाली, साच्यात माती दाबताना त्यांचा अंगठा लागायचा तिथं. सतरा वर्षं मी त्याला खोट समजत होते.

“ह्याचा साचा न्हाई निगायचा आता,” ती म्हणाली. “दिवाळीत बोलले व्हते तुला. दोनदा सांगावा धाडला. तवाच का न्हाई आनलास?”

“वेळ नाही मिळाला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाला खोटं बोललेलं कळतं की नाही मला माहीत नाही. तिला कळलं असं मला वाटलं. दुकानदाराचं काय, असं मी विचारलं. तो संक्रांतीपर्यंत थांबला, मग दुसरीकडे गेला, असं ती म्हणाली, आणि त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मग तिने घोडा पिंपात टाकला. काडेपेटी उघडून तीन पायही त्याच्यामागे टाकले. मला विचारलं नाही. विचारायचं काही आहे असं तिला वाटलंच नसणार. कच्ची माती, मोडलेली चित्रं, ती पाण्यात जातात. आधी तांबडा रंग वर आला, मग स्वाराच्या पागोट्याचा पिवळा. मग बुडबुडे.

“च्या घेतीस?” तिने पदराला हात पुसत विचारलं.

कच्ची माती लगेच विरघळत नाही. पाच मिनिटं तरी आकार धरून असते, हात घालून काढता येते. मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चहाला हो म्हणाले.